बंधनगृहांतील बालक : चाळीस चौरस फुटांचा शोध

तासगांवच्या गणपति-मंदिराचें सातमजली गोपुर पाहावयास येणारा जिज्ञासु प्रथम मान वर करतो आणि मग मापें विचारतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं कर्नाटकांतील स्वाऱ्यांत जी घडण पाहिली ती आपल्या गांवीं कशी उतरविली, हें त्या गोपुराच्या मजल्यांवरून कळतें. किल्ले, वाडे, बारवा आणि देवळें यांचीं मापें घेऊन त्यांवरून कर्त्याचा हेतु ओळखण्याची रीति आपल्या मंडळींस परिचयाची आहे. परंतु ज्या इमारतींत समाज आपलीं चुकलेलीं मुलें कुलपाआड ठेवतो, त्या इमारतींचीं मापें कोणी याच दृष्टीनें तपासल्याचें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. तो प्रयत्न येथें थोडक्यांत केला आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों त्यास एक लहानसें कारण झालें. आमच्या अध्यापनकालांत एक विद्यार्थी कांहीं महिने अशा एका गृहांत राहून पुन्हां वर्गांत आला. तेथें जेवण कसें होतें, मार बसे काय, असे प्रश्न इतर मुलांनीं त्यास विचारले. त्यानें त्यांपैकीं कशाचेंच उत्तर दिलें नाहीं. आम्हांस मात्र त्यानें एकट्यांत विनंति केली, कीं आपणांस दाराजवळच्या बांकावर बसूं द्यावें. खिडकी उघडी आहे कीं नाहीं, हें तो दर तासाला पाही. त्या मुलाच्या मनावर माणसांपेक्षां इमारतीचा ठसा अधिक खोल उमटला होता, असें आम्हांस तेव्हां वाटलें. पुढें निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां त्या ठशाचें मूळ कोठें आहे हें पाहूं लागलों.

(१) प्राचीन पुरावा

कौटिलीय अर्थशास्त्राचें पुस्तक १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील बंधनागाराचें वर्णन अभ्यासकांस उपलब्ध आहे. दुसऱ्या अधिकरणांत, सन्निधात्याच्या कर्तव्यांत, तें येतें. पुरुष आणि स्त्रिया यांचीं स्थानें वेगळीं असावीं, कक्ष सुरक्षित असावे, आणि अशा सर्व शाळांना विहीर, शौचकूप, स्नानगृह, अग्नि व विष यांपासून संरक्षण, मांजरें व मुंगूस पाळण्याची सोय आणि देवपूजेची जागा असावी, असा त्याचा आशय आहे. पाणी, शौच, स्नान आणि आग या चार गोष्टी आजच्या नियमांतहि पहिल्या पंक्तींत आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या अंतरानें ही यादी फारशी बदललेली नाहीं.

मात्र मुलांकरितां वेगळें स्थान कौटिल्यानें सांगितलेलें नाहीं. त्याच अधिकरणांत पुढें, राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशीं आणि पौर्णिमेस बाल, वृद्ध, व्याधित आणि अनाथ यांना बंधनांतून सोडावें, असें सांगितलें आहे. सोडावयाच्या यादींत बालक आहे, याचा अर्थ बंधनागारांत बालक असे. तें तेथें असणें अनुचित आहे ही जाणीव होती. परंतु तिचा परिणाम दयेच्या रूपानें झाला, इमारतीच्या रूपानें झाला नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासांतील बालबंदिवासाचें सर्वांत मोठें उदाहरण शाहूमहाराजांचें आहे. १६८९ सालीं रायगड पडला तेव्हां सात वर्षांचें हें मूल मोंगलांच्या हातीं लागलें आणि १७०७ पर्यंत बादशाही छावणीबरोबर फिरत राहिलें. ही कैद अपराधाची नसून राजकारणाची होती, म्हणून तिच्यावरून नियम काढतां येणार नाहीं. तथापि तिच्यांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या मुलाभोंवतीं पहारा होता, पण त्याची आई येसूबाई आणि आपलीं माणसें त्याच्याजवळ होतीं. अठरा वर्षांच्या बंदिवासानंतर बाहेर पडून ज्यानें राज्य सांभाळलें, त्याच्या घडणींत या सहवासाचा कांहीं वांटा असला पाहिजे.

(२) इंग्रजी कायदा

मुलांकरितां वेगळी इमारत ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आली. १८५० च्या कायद्यानें १० ते १८ वर्षांच्या मुलांस उमेदवार म्हणून कारागिरांकडे बांधून देण्याची सोय केली. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची उद्योगशाळा सुरूं झाली. १८७६ सालीं रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा झाला आणि १८९७ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला.

या १८९७ च्या कायद्याचें सहावें कलम आमच्या विषयांत फार महत्त्वाचें आहे. रिफॉर्मेटरी शाळेंत कोणत्या सोयी असल्याच पाहिजेत, हें त्यांत सांगितलें आहे. रात्रीं मुलांना एकमेकांपासून वेगळें ठेवण्याचीं पुरेशीं साधनें, आरोग्याची व्यवस्था, पाणी, अन्न, वस्त्र आणि अंथरूण, उद्योगशिक्षणाचीं साधनें, आणि आजारी मुलांकरितां रुग्णशाळा किंवा योग्य जागा. या कलमांत एकहि आंकडा नाहीं. परंतु रात्रीच्या विलगीकरणास पहिलें स्थान दिलें आहे, हें वाचकांनीं पाहावें. मोठ्या मुलांकडून लहान मुलांस होणारा उपद्रव रात्रीं होतो आणि तो टाळण्याचा उपाय भिंतीच्या आंतील रचनेंत आहे, बाहेरच्या तटांत नाहीं, हें त्या कायदेकारांस कळलें होतें.

याच सुमारास प्रौढ कैद्यांच्या बाबतींत आंकडे ठरत होते. १८६४ च्या कारागृह समितीनें प्रत्येक कैद्यामागें ५४ चौरस फूट जागा असावी असें सुचविलें होतें. तुरुंगांत माणसें तापानें आणि हगवणीनें मरत, त्या अनुभवांतून ही मोजणी निघाली. हा ५४ चा आंकडा पुढें उपयोगीं पडणार आहे.

(३) जुन्या भिंती, नवें नांव

१९१९-२० च्या हिंदी तुरुंग समितीनें, जिचे अध्यक्ष सर अलेक्झांडर कार्ड्यू होते, मुलांना तुरुंगांत पाठवूं नये, त्यांच्याकरितां वेगळीं न्यायालयें आणि वेगळीं रिमांडगृहें असावीं, अशी शिफारस केली. मद्रासनें १९२० मध्यें, बंगालनें १९२२ मध्यें आणि मुंबई इलाख्यानें १९२४ मध्यें मुलांचे कायदे केले. १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९२९ सालीं मुंबई इलाख्याचा बोर्स्टल शाळांचा कायदा आला आणि धारवाडास बोर्स्टल शाळा निघाली. केंट परगण्यांतील ज्या बोर्स्टल खेड्यांत १९०२ सालीं हा प्रयोग झाला, त्याचें नांव असें धारवाडपर्यंत पोंचलें.

कायदे नवे झाले, परंतु इमारती पुष्कळदां जुन्याच राहिल्या. याचें ठळक उदाहरण मुंबईचें डोंगरी-उमरखाडीचें आहे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयीं केलेल्या लिखाणाबद्दल टिळक आणि आगरकर यांस १८८२ सालीं शिक्षा झाली आणि त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तक लिहिलें, म्हणून हा तुरुंग मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. त्याच तुरुंगाच्या जागेंत पुढें मुलांचें रिमांडगृह, आजच्या भाषेंत निरीक्षणगृह, आलें. ज्या वास्तूंत दोन संपादकांस शिक्षा म्हणून ठेविलें, तीच वास्तु मुलांस संरक्षण म्हणून दिली गेली. टिळक-आगरकरांची कोठडी स्मारक म्हणून जपावी हें योग्यच आहे. परंतु त्याच भिंतींचा मुलाच्या मनावर काय अर्थ उमटतो, हा प्रश्न स्मारकाच्या पाटीनें सुटत नाहीं.

मुलांस प्रौढांच्या तुरुंगांत ठेवण्याची रीतिहि लवकर बंद झाली नाहीं. पत्रकार शीला बारसे यांनीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत नेला आणि १९८६ सालीं न्यायालयानें मुलांना तुरुंगांत ठेवण्याविरुद्ध स्पष्ट मत दिलें. त्याच वर्षीं संबंध देशाकरितां बालन्यायाचा कायदा झाला. पुढें २००० आणि २०१५ असे दोन कायदे झाले. आजच्या कायद्यांत चौकशी चालूं असतांना ठेवण्याकरितां निरीक्षणगृह, चौकशीनंतर सुधारणेकरितां विशेष गृह, आणि १६ वर्षांवरील गंभीर प्रकरणांकरितां सुरक्षित स्थान, अशा वेगवेगळ्या जागा आहेत. सुरक्षित स्थान म्हणजे पोलिसांची कोठडी किंवा तुरुंग नव्हे, हें कायद्याच्या व्याख्येंतच सांगितलें आहे.

(४) दोन पोथ्या, एक मूळ

२०१६ सालीं केंद्र सरकारकडून दोन नियमग्रंथ बाहेर पडले. पहिला प्रौढ कैद्यांच्या तुरुंगांकरितां आदर्श कारागृह नियमावली. दुसरा बालन्याय कायद्याखालील आदर्श नियम. मुलांचें गृह दिसण्यांत तुरुंगासारखें किंवा कोठडीसारखें असूं नये, असें या दुसऱ्या ग्रंथांत म्हटलें आहे, आणि ५० मुलांच्या गृहाकरितां खोल्यांचें एक कोष्टक सुचविलें आहे. हें कोष्टक २००७ च्या नियमांतहि होतें. हे दोन ग्रंथ आम्हीं एकापुढें एक ठेवून, जशा एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या ताडून पाहाव्या तसे पाहिले.

मुलांच्या कोष्टकांत २५ मुलांकरितां १००० चौरस फुटांचें एक, अशीं दोन शयनगृहें आहेत. म्हणजे मुलामागें ४० चौरस फूट. तुरुंगाच्या नियमावलींत निजण्याच्या बराकींत कैद्यामागें ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. हें माप मीटरांत विचित्र दिसतें आणि कोणी विचार करून असा अपूर्णांक निवडील हें संभवत नाहीं. तें फुटांत फिरवून पाहावें, म्हणजे बरोबर ४० चौरस फूट निघतात.

मुलांच्या कोष्टकांत ५० मुलांस ५ न्हाणीघरें आहेत, म्हणजे दहांस एक. तुरुंगांतहि दहा कैद्यांस एक स्नानाची जागा सांगितली आहे. मुलांना ८ शौचकूप आहेत, म्हणजे सुमारें सहांस एक. तुरुंगांत दिवसा वापरावयाच्या शौचकूपांचें प्रमाण सहा कैद्यांस एक असेंच आहे.

एक पाठ जुळला तर तो योगायोग म्हणतां येईल. हजारास पंचविसांनीं भागिलें कीं चाळीस येतातच, असें कोणी म्हणेल आणि तें खोटें नाहीं. परंतु दोन पोथ्यांत तीन ठिकाणीं एकच पाठ आढळला, तर त्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्या असें संपादक मानतो. आमचें अनुमान असें, कीं मुलांच्या गृहाचें माप तुरुंगाच्या जुन्या, फुटांतील मापावरून उतरलें आहे. दिसण्यांत तुरुंग नको म्हणणाऱ्या नियमाच्या खालीं तुरुंगाचाच गज अंथरलेला आहे.

आतां दोन्ही पोथ्यांतील फरक पाहावा, कारण तो साम्याहून गंभीर आहे. तुरुंगाच्या नियमावलींत जमिनीच्या मापाबरोबर कैद्यामागें १५.८३ घनमीटर हवा सांगितली आहे. ती ५६० घनफूट होते; म्हणजे ४० चौरस फूट जमिनीवर १४ फूट उंचीचें छप्पर. खिडक्या-झरोक्यांची उघडी जागाहि कैद्यामागें १.१२ चौरस मीटर, म्हणजे १२ चौरस फूट, सांगितली आहे. जमीन, उंची, हवा आणि झरोका हे चार चरण मिळून तो श्लोक पुरा होतो. मुलांच्या नियमांत जमिनीचा पहिला चरण तेवढा उतरला आहे. उजेड आणि वायुवीजन पुरेसें असावें, असें शब्दांत सांगितलें आहे, आंकडा नाहीं. लेखकानें एक चरण उतरावा आणि उरलेले तीन गाळावे, तसा हा प्रकार झाला आहे.

याचा व्यवहारांतील परिणाम सोपा आहे. आज बांधली जाणारी सिमेंटची इमारत १४ फूट उंचीची क्वचितच असते. नऊ फुटांच्या छपराखालीं २५ मुलांचें शयनगृह बांधलें, तर मुलामागें ३६० घनफूट हवा पडेल. तुरुंगाच्या मापानें ती दोनशें घनफुटांनीं कमी आहे. तुरुंगांत तितक्याच माणसांच्या बराकीस ३०० चौरस फूट उघडे झरोके लागतील. मुलांच्या शयनगृहास किती लागतील, हें सांगणारें माप नाहीं. बांधणारानें कोष्टक तंतोतंत पाळलें, तरी वैशाखांतल्या रात्रीं तासगांवासारख्या ठिकाणीं त्या मुलांस कैद्यांहून कमी वारा मिळणें शक्य आहे. शिवाय १८६४ च्या समितीचे ५४ चौरस फूट आठवावे. दीडशें वर्षांपूर्वीं सक्तमजुरीच्या प्रौढ कैद्यास जी जागा योग्य मानिली होती, तीहून चौदा चौरस फूट कमी जागा आज आपण मुलास सुचवितों.

(५) नियमांच्या बाजूनें

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. मुलांच्या कोष्टकांत ज्या खोल्या आहेत, त्यांपैकीं कांहींचा तुरुंगांशीं संबंध नाहीं. ५०० चौरस फुटांचें ग्रंथालय, ३०० चौरस फुटांची करमणुकीची खोली, मुलाशीं एकांतांत बोलून सल्ला देण्याकरितां १२० चौरस फुटांची खोली आणि क्रीडांगण यांचा त्यांत समावेश आहे. आजारी मुलास आणि कारखान्यांत काम शिकणाऱ्या मुलास प्रत्येकीं ७५ चौरस फूट दिले आहेत. वयोगटांप्रमाणें मुलें वेगळीं ठेवावीं, हेंहि सांगितलें आहे. ज्यांनीं हें लिहिलें त्यांच्या मनांत मूल होतें, यांत शंका नाहीं. म्हणूनच निजण्याच्या जागेचा प्रश्न अधिक खुपतो. काम करणाऱ्या मुलास पाऊणशें आणि निजणाऱ्यास चाळीस, हा हिशेब मुलाच्या गरजेवरून बसविलेला दिसत नाहीं. वर्गाच्या खोलींत तर २५ मुलांस ३०० चौरस फूट, म्हणजे एकास बाराच, दिले आहेत. जन्मभर वर्गांत उभे राहिलेल्या आमच्यासारख्या माणसास इतकें सांगतां येईल, कीं बारा फुटांत मूल बसूं शकतें, परंतु ज्याचें मन अगोदरच कोंडलेलें आहे तें तेथें शिकूं शकत नाहीं.

हीं मापें ‘सुचविलेलीं’ आहेत, बंधनकारक नाहींत, असाहि आक्षेप येईल. परंतु आमचा अनुभव असा आहे, कीं सुचविलेलें किमान माप सरकारी बांधकामांत कमाल माप होऊन बसतें. शिवाय १४ डिसेंबर १९९० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें, स्वातंत्र्य गमावलेल्या मुलांच्या संरक्षणाचे जे नियम स्वीकारले, त्यांत शयनगृहें लहान गटांचीं किंवा एकेकट्याच्या खोल्यांचीं असावीं, इमारतीची आंखणी सुधारणेच्या हेतूशीं जुळावी आणि मुलाच्या एकांताचा विचार व्हावा, असें म्हटलें आहे. पंचवीस मुलांचा गट लहान म्हणतां येत नाहीं. १८९७ च्या कायद्यांतील रात्रीच्या विलगीकरणाचें कलमहि त्यास साक्ष देईल.

(६) स्वतंत्रपूर

भिंतीवांचून काय साधतें, याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यांत आहे. तासगांवच्या ईशान्येस, माणदेशांत, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत आहे. हा भाग तेव्हां औंध संस्थानांत होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीभक्त अभियंत्याच्या कल्पनेनें १९३९ सालीं ती वसली. शिक्षा झालेले प्रौढ कैदी तेथें तटाशिवाय, पहाऱ्याशिवाय, शेती करून आणि कुटुंबासह राहूं लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागील प्रेरणा हीच. १९४८ सालीं औंध विलीन झालें, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगलीचें नांव मिळालें, वसाहत राहिली.

स्वतंत्रपूर मुलांकरितां नव्हतें, म्हणून त्याचा सरळ दाखला देतां येत नाहीं. प्रत्येक मुलास उघड्या माळावर ठेवावें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. कांहीं मुलांस त्यांच्या स्वतःच्या आणि इतरांच्या रक्षणाकरितां दाराची गरज असते. परंतु ज्या जिल्ह्यांत खुनासारख्या अपराधांत शिक्षा झालेल्या प्रौढांवर भिंतीवांचून विश्वास टाकतां आला, तेथें मुलांच्या गृहाचें माप तुरुंगाच्या बराकीवरून घ्यावें लागावें, हें शोभत नाहीं. स्वतंत्रपूरच्या कर्त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो माणूस कोणाबरोबर आणि काय करीत राहील हा. जमीन किती हा प्रश्न त्यामागून आला. शाहूमहाराजांच्या छावणींतील दिवसांवरूनहि हाच बोध होतो.

(७) उपसंहार

एवढ्या विवेचनावरून दोन गोष्टी विद्वानांपुढें ठेवावयाच्या आहेत. पहिली संशोधनाची. रिफॉर्मेटरी, रिमांडगृहें आणि बोर्स्टल शाळा यांचे जुने नकाशे, भेटबुकें, आजारीपणाचीं पत्रकें आणि बांधकामाचे अंदाज जेथें असतील तेथून मिळवून जपले पाहिजेत. पेशवेदप्तराच्या एका रुमालाकरितां आपण पायपीट करतों. या कागदांस वाळवी लागतांना मात्र कोणी पाहत नाहीं. चाळीसाचा आंकडा प्रथम कोणत्या कागदावर उमटला, हें त्यांतूनच निश्चित होईल आणि आमचें अनुमान खरें कीं खोटें तेंहि ठरेल. तें खोटें ठरलें तर आम्हांस आनंदच होईल.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. नियमांची पोथी पुन्हां लिहितांना गळलेले तीन चरण भरून काढावे. शयनगृहाची उंची, मुलामागची हवा आणि झरोक्याचें माप आंकड्यांत लिहावें. पंचविसांचें शयनगृह मोडून लहान खोल्या कराव्या. याकरितां कांहीं नवें तत्त्वज्ञान लागत नाहीं. कैद्यास जें मोजून दिलें आहे, तेवढें तरी मुलास मोजून द्यावें, इतकीच मागणी आहे. आमचा तो विद्यार्थी शाळा संपेपर्यंत दाराजवळच बसला. शेवटच्या वर्षीं मात्र खिडकीकडे पाहण्याची त्याची संवय सुटली होती. ती सुटण्यास जितकीं वर्षें लागलीं, तितकीं लागण्याचें कारण नव्हतें.